रोहित्राच्या पोटातील आग

कोळारच्या औद्योगिक वसाहतीजवळून किंवा बीदरच्या आसपासच्या शिवारांतून जाताना खांबांवर बसविलेल्या करड्या लोखंडी पेट्या आपण नित्य पाहतो. लोक त्यांना 'डी. पी.' म्हणतात, शास्त्रीय परिभाषेत त्या पेटीस रोहित्र असे नाव आहे. ११,००० व्होल्टचा दाब उतरवून तो घरांना व पंपांना पेलेल असा करणे हे तिचे कार्य.

ह्या पेटीतील तारांची वेटोळी तेलात बुडविलेली असतात, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तेल उष्णता बाहेर नेते आणि विजेस भलत्या वाटेने जाऊ देत नाही. परंतु हे तेल बहुधा खनिज असते. सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्यास त्याची वाफ ठिणगीने पेटते. जो रक्षक, तोच इंधन!

ठिणगी येते कोठून? पिकांना पाणी देण्याच्या दिवसांत एकाच रोहित्रावर क्षमतेबाहेर पंप चालतात, त्यातच कोणी आकडे टाकतो. वेटोळी तापतात, त्यांवरील कागदी आवरण ठिसूळ होते आणि अखेर दोन वेढे एकमेकांस भिडतात. तेलाचे वायू होऊन टाकी फुटते व जळते तेल चहूकडे उडते. हे टाळण्यासाठी फ्यूज असतो. पण तो वारंवार जातो म्हणून त्या जागी जाड तार गुंडाळणारे शहाणेही आहेतच.

दुसरा शत्रू ओलावा. २१ मार्च २०२५ रोजी लंडनचा हीथ्रो विमानतळ दिवसभर बंद पडला, तो नॉर्थ हाइड उपकेंद्रातील रोहित्र पेटल्यामुळे. तेथील एका भागात ओल शिरल्याचे २०१८ सालच्या तपासणीतच दिसले होते. दुरुस्ती मात्र राहून गेली. म्हणूनच अनेक रोहित्रांच्या श्वासनळीत ओल शोषणारे खडे ठेवतात. नेहमीच्या प्रकारचे खडे कोरडे असता निळे दिसतात. ते गुलाबी झाले, की बदलावयाचे.

आमच्या भागात डी. पी.च्या सावलीला कडब्याची गंजी रचलेली आम्ही पाहिली आहे. एक ठिणगी तिला पुरे. रोहित्र पेटलेच तर पाणी मुळीच टाकू नये: पाण्यातून विजेचा धक्का बसतो आणि जळते तेल पाण्यावर तरंगत पसरते. दूर राहावे, गुरे सोडावीत, १९१२ ह्या क्रमांकावर वीज कंपनीस आणि ११२ वर अग्निशामक दलास कळवावे. वीज तोडल्याची खात्री लाइनमनने दिल्यावाचून जवळ जाऊ नये.