लहान मासे जेव्हा मोठ्या माशाला खातात

मोठा मासा लहान माशाला गिळतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर मात्र उलटंच घडलं.

तिथला मोठा शिकारी मासा म्हणजे कॉड. हेरिंगसारखे छोटे मासे, कोळंबी, खेकडे हे त्याचं खाणं. अवाढव्य ट्रॉलरनी इतका उपसा केला की कॉड जवळपास संपला. १९९२ मध्ये न्यूफाउंडलंडजवळ कॉड पकडायला बंदी आली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. पुढच्या वर्षी शेजारच्या नोव्हा स्कॉशियाच्या पूर्वेकडच्या समुद्रातही बंदी आली.

जाळी थांबली की मासा परतेल, असं वाटलं होतं. पण नोव्हा स्कॉशियाजवळ तो परतलाच नाही. का?

खाणारा गेल्यावर हेरिंग भरमसाट वाढले. ते पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातात. कॉडची अंडी आणि नुकती जन्मलेली पिल्लंही तिथेच तरंगत असतात! म्हणजे कालचं भक्ष्यच कॉडची पुढची पिढी फस्त करू लागलं. कॉड न परतण्याचं हे एक कारण असावं, असं शास्त्रज्ञ मानतात. करड्या सीलकडेही बोट दाखवलं जातं.

गंमत म्हणजे, वाढलेल्या कोळंबी-खेकड्यांनी मच्छीमारांना कॉडपेक्षा जास्त पैसे मिळवून दिले. अर्थात, कॉडवर जगणाऱ्या सगळ्यांना नाही.

न्यूफाउंडलंडची बंदी उठली ती थेट २०२४ मध्ये, तीही मोजकाच कोटा देऊन.