एक्सोझोम: तारुण्याचा सीरम की कॅन्सरचा दूत?

त्वचा आणि केसांच्या उपचारांच्या जाहिरातींत ‘एक्सोझोम’ हा शब्द आता सर्रास दिसतो. वाचकाला तो बहुधा तिथेच पहिल्यांदा भेटतो आणि नंतर थेट कॅन्सरच्या बातमीत. त्यातून जे गैरसमज तयार होतात, त्यांतला एखादा जिवावर बेतू शकतो.

पहिला समज खुद्द शास्त्रज्ञांचाच होता: एक्सोझोम, म्हणजे पेशी बाहेर सोडते त्या सूक्ष्म पिशव्या (पुटिका), हा पेशीचा कचरा आहे. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी रक्तातल्या अशा सूक्ष्म कणांना ‘प्लेटलेटची धूळ’ म्हटलं होतं. पुढे रोझ जॉनस्टोन यांनी तयार होत असलेल्या लाल पेशींमधून या पुटिका बाहेर पडताना अभ्यासल्या आणि १९८७ मध्ये त्यांना एक्सोझोम हे नाव दिलं. साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या या पुटिकांत प्रथिनं असतात, आरएनए असतो; दुसरी पेशी त्या आत घेते आणि तिचं वागणं बदलू शकतं.

या पुटिका फक्त कॅन्सरच्या पेशीच सोडतात, हेही खरं नाही. निरोगी पेशीही सोडतात. रक्त, लघवी, लाळ, आईचं दूध, सगळीकडे त्या सापडतात. पुण्याच्या गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात वैजयंती काळे आणि रोहन कुलकर्णी यांनी केलेलं काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं: तरुण उंदरांच्या आधारपेशींनी सोडलेल्या पुटिकांमुळे म्हाताऱ्या उंदरांच्या रक्तमूलपेशी पुन्हा जोमाने काम करू लागल्या. आणि लाळेत पुटिका असतात म्हणून कॅन्सर उष्ट्याने पसरत नाही. रुग्णाची ताट-वाटी वेगळी ठेवण्याचं काहीच कारण नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो या पुटिकांमधल्या प्रथिनांतल्या बदलाविषयी. ‘प्रथिन बदललं म्हणजे जनुक बिघडलं’ असं अनेकांना वाटतं. इथे गोष्ट वेगळी आहे. जनुक तेच, प्रथिन तेच. पण ते तयार झाल्यावर पेशी त्याला फॉस्फेट जोडते, शर्करेची साखळी लावते किंवा युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन चिकटवते. फॉस्फेट लागलं की काही प्रथिनं सक्रिय होतात, काही थंडावतात. म्हणून प्रथिन किती आहे एवढं मोजून भागत नाही, ते कोणत्या स्थितीत आहे हेही पाहावं लागतं. अडचण अशी की रक्तातली विकरं हे फॉस्फेट काढून टाकतात. पुटिकेच्या आवरणाआड मात्र ते टिकतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या गटाने रक्तद्रवातल्या पुटिका तपासल्या, तेव्हा फॉस्फेटयुक्त १४४ प्रथिनं स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांत निरोगी व्यक्तींपेक्षा लक्षणीय जास्त आढळली.

शर्करेच्या साखळीचं महत्त्वही तेवढंच आहे. पीडी-एल१ हे प्रथिन प्रतिकारपेशींना रोखतं आणि शर्करेच्या साखळ्यांमुळे ते टिकून राहतं. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी ते पुटिकांवरून शरीरभर पाठवतात, हे २०१८ मध्ये दिसून आलं. ‘मग साखर सोडली की झालं’ हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. या साखळ्या पेशी स्वतः रचते. चहात साखर न घातल्याने ते थांबत नाही.

आता जिवावर बेतणारा समज. ‘बायॉप्सीची सुई लावली की कॅन्सर पसरतो, त्यापेक्षा एक्सोझोमची रक्ताची नवी तपासणी येईपर्यंत थांबू.’ योग्य पद्धतीने केलेल्या बायॉप्सीतून कॅन्सर पसरण्याचा धोका अत्यंत कमी असतो. वृषणाच्या गाठीसारख्या मोजक्या ठिकाणी डॉक्टर स्वतःच सुई टाळतात. पुटिकांवर आधारलेली प्रोस्टेटची लघवीची एक चाचणी अमेरिकेत वापरात आहे. पण ती आरएनए मोजते आणि बायॉप्सीची गरज आहे का, एवढंच ठरवायला मदत करते. पुटिकांमधल्या प्रथिनांवरचे हे बदल मोजणारी तपासणी अजून नेहमीच्या निदानात आलेली नाही.

राहिला तो जाहिरातींतला सीरम. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने एक्सोझोमच्या एकाही उपचाराला मान्यता दिलेली नाही आणि २०१९ मध्ये त्याबाबत लोकांना जाहीर इशाराही दिला होता. कॅन्सर होऊन गेलेल्यांनी तर आपल्या कॅन्सरतज्ज्ञाला विचारल्याशिवाय असा उपचार घेऊच नये. आणि गाठ लागली, न भरणारी जखम दिसली किंवा कारण नसताना रक्त गेलं, तर याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. त्यांनी बायॉप्सी सांगितली तर करून घ्या.