साखरपुड्याला तीन लाख तोळे

साईनगर शिर्डी स्टेशनवर गाडी सुटायला तासभर होता आणि हातात प्राचीन रोममधली प्रेमकादंबरी होती. मसाला नेहमीचाच. शिपाईगडी नायक, गर्भश्रीमंत नायिका, मधे खाष्ट सम्राट. तिसऱ्या प्रकरणात नायिका 'मोत्यांनी मढून' येते आणि लेखक एका ओळीत पुढे सटकतो. अहो, मढून म्हणजे किती? चला, मोजूया.

खरीखुरी रोमन बाईच घेऊ. लोलिया पॉलिना, सम्राट कॅलिगुलाची एके काळची बायको. रोमन लेखक प्लिनीने तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तेही कुणाच्या तरी साध्याशा साखरपुड्याच्या पंगतीत. केसांत, कानांत, गळ्यात, बोटांत, जिथे जागा मिळेल तिथे पाचू आणि मोती. किंमत 4 कोटी सेस्टर्स. कुणी शंका घेतली तर पावत्या दाखवायची बाईंची तयारी!

शंभर सेस्टर्सचं एक सोन्याचं नाणं. म्हणजे 4 लाख नाणी. नाणं साडेसात ग्रॅमचं धरा, झालं 3,000 किलो सोनं. तीन लाख तोळे! तोळ्याला गोल लाख रुपये लावा, 3,000 कोटी. साखरपुड्याला. आणि तोही दुसऱ्याचा! आता आपला नायक बघा. ऑगस्टसच्या काळात साध्या शिपायाचा वर्षाचा पगार 900 सेस्टर्स. न खाता-पिता सगळा साठवला तरी तिच्या तोडीचे दागिने घडवायला त्याला 44,444 वर्षं लागतील. लग्न कधी करणार?

बरं, अशी दोघं भेटायची कुठे? कवी ओव्हिडचा सल्ला होता, रथांच्या शर्यतीला जा, तिथे मुलीच्या शेजारी खेटून बसता येतं. प्लिनी सांगतो, सर्कस मॅक्सिमस या मैदानात अडीच लाख माणसं मावायची. इथे समोर स्लीपरचा डबा उभा होता, बर्थ 72. वीस डब्यांची गाडी म्हणजे 1,440 माणसं. एका शर्यतीची गर्दी घरी सोडायला अशा 174 गाड्या! दर दहा मिनिटांनी एक सोडली तरी शेवटची सुटायला दुसरा दिवस उजाडून संध्याकाळ होईल. एवढ्या गर्दीत चोरून हात धरला तर दिसतोय कुणाला? (सम्राट ऑगस्टसला मात्र हे काव्य झोंबलं. इ.स. 8 मध्ये ओव्हिड हद्दपार झाला, त्यामागे हेही एक कारण होतं.)

आणि आता आपल्या अंगणात येऊ. हाच प्लिनी कुरकुरतो की हिंदुस्थान दरसाल आपले 5 कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि तिथला माल इथे शंभरपट दराने विकला जातो. शंभरपट! शिर्डीतला वीस रुपयांचा गजरा रोममध्ये दोन हजारांना. ते 5 कोटी चांदीच्या नाण्यांत केले तर सव्वा कोटी नाणी. ट्रकमध्ये दहा-दहा टन भरलं तर चार ट्रक भरून वर चांदी उरेल. नाण्याला नाणं चिकटवून ओळ मांडा, सव्वादोनशे किलोमीटर. मुंबईहून पुण्याला पोचून, उलट फिरून निम्म्या वाटेवर परत! आणि हे फक्त एका वर्षाचं.

सगळं काही आपल्याकडे नाही आलं, पण वाटा होता. त्या काळच्या एका ग्रीक खलाशी-वहीत पैठण आहे, भडोच बंदरापासून वीस दिवसांवर, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. पैठणचे रंगीत दगड, तेरचं कापड, सगळं बैलगाड्यांतून बंदराला. पाँपेईत 1938 साली एक हस्तिदंती सुंदरी सापडली. तिच्या बहिणी शोभाव्यात अशा मूर्ती तेर आणि भोकरदनला निघाल्या. शिर्डीचे भाविक शनिशिंगणापूरला जातात ना, त्याच नेवासे तालुक्यात, प्रवरेकाठी, 1954-56 च्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ सांकलियांना रोमन मद्यकुंभांची खापरं मिळाली. असा एक कुंभ साधारण 26 लिटरचा. लग्नात पाण्याचा वीस लिटरचा जार उचलताना कंबर धरते, त्याहून मोठा, मातीचा, आणि समुद्र ओलांडून नेवाशाला!

पण खरा आकडा पुढेच आहे. पैठणच्या सातवाहन राजा हालाच्या नावावरच्या गाथासप्तशती या प्राकृत काव्यसंग्रहात म्हटलंय की एक कोटी गाथांतून या सातशे निवडल्या. एक कोटी! त्यातही प्रेमच फार. रुसवे, चोरटे कटाक्ष, परदेशी गेलेले नवरे. दोन ओळींची गाथा दहा सेकंदांत म्हणा, रात्रंदिवस, न झोपता. तीन वर्षं दोन महिने. पानावर दहा छापा, दहा लाख पानं, चारशे पानी अडीच हजार पुस्तकं. आणि हालाने त्यातून ठेवली किती? चौदा हजारांत एक!

कादंबरी मी बाकावरच मिटली. स. आ. जोगळेकरांनी संपादलेली मराठी गाथासप्तशती ग्रंथालयात मिळते. शिर्डीच्या पुढच्या फेरीला ती पिशवीत टाका.