अमेरिकन कला-मृत्पात्री : संग्रह आणि ओळख

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मातीच्या भांड्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. एकसारखा माल काढणाऱ्या कारखानदारीच्या काळात हाताने घडविलेल्या व रंगविलेल्या पात्राला कलाकृतीचा दर्जा देणारी चळवळ तेथे उभी राहिली. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील शताब्दी प्रदर्शनातील जपानी मृत्पात्रींनी तिला प्रेरणा दिली. अशा पात्रांना 'कला-मृत्पात्री' म्हटले जाते. ती कशी ओळखावीत, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रूकवुडची ज्वालाचिन्हे :
मारिया लाँगवर्थ निकल्स यांनी १८८० मध्ये ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे रूकवुड पॉटरीची स्थापना केली. १८८६ मध्ये उलटा 'आर' व 'पी' ही अक्षरे जोडून तिचे बोधचिन्ह तयार झाले. १८८७ पासून दरवर्षी त्यावर एक ज्वाला वाढविण्यात आली व १९०० मध्ये ज्वालांची संख्या १४ झाली. १९०१ पासून त्याखाली वर्षदर्शक रोमन अंक येऊ लागला. म्हणजेच ११ ज्वाला असलेले पात्र १८९७ चे, तर १४ ज्वालांखाली रोमन पाच असलेले पात्र १९०५ चे ठरते. याखेरीज तळावर आकाराचा क्रमांक, मापाचे अक्षर आणि चित्रकाराची सांकेतिक सही आढळते. १८८७ मध्ये दाखल झालेले जपानी चित्रकार कातारो शिरायामादानी आपली सही जपानी लिपीत करीत. झिलई कापून कोरलेली फुली मात्र ते पात्र दुय्यम प्रतीचे ठरविल्याचे दर्शविते.

न्यूकम : महाविद्यालयातील मृत्पात्री :
न्यू ऑर्लिन्स येथील न्यूकम या महिला महाविद्यालयाने १८९५ मध्ये मृत्पात्री विभाग सुरू केला. विद्यार्थिनींना कलेतून अर्थार्जन करता यावे, हा त्यामागील हेतू होता. चाकावर पात्रे घडविण्याचे काम पुरुष कुंभार करीत, तर सजावट स्त्रिया करीत. ही श्रमविभागणी तळावरही उमटलेली दिसते. 'सी' अक्षरात 'एन' हे संस्थेचे चिन्ह, कुंभार जोसेफ मायर यांची 'जेएम' ही आद्याक्षरे आणि सजावट करणारीची खूण एकाच तळावर आढळतात. दक्षिणेकडील वनस्पती हा या सजावटीचा प्रमुख विषय होता.

चिन्हांची मर्यादा :
केवळ चिन्हावर विसंबणाऱ्या संग्राहकाची फसगत होऊ शकते. ओहायोतील रोझव्हिल पॉटरी १९५४ मध्ये बंद पडली. परंतु १९९० च्या दशकात तिच्या नावाच्या चिनी नकला बाजारात आल्या. मूळच्या उत्तरकालीन पात्रांवर नावासोबत 'यू.एस.ए.' ही अक्षरे उठावदार असतात. अनेक नकलांत ती नसतात वा अस्पष्ट असतात.

मिसिसिपीतील बिलॉक्सी येथील जॉर्ज ओर (१८५७–१९१८) यांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. त्यांनी झिलईविना भाजलेल्या काही पात्रांवर पुढे इतरांनी, किंमत वाढावी म्हणून, झिलई चढविली. तेथे माती खरी, घडण खरी, ठसाही खरा. खोटी असते ती झिलई. म्हणून भांड्याचे वजन, भिंतीची जाडी, झिलईचा पोत आणि रंगसंगती यांची तुलना संग्रहालयातील निश्चित नमुन्यांशी करणे आवश्यक ठरते. बुजविलेले टवके व तडे अतिनील प्रकाशात बहुधा वेगळे उठून दिसतात. मात्र झिलईवरील बारीक जाळीदार तडे पुष्कळदा स्वाभाविक असतात. त्यांना लगेच दोष मानू नये.

समारोप :
सारांश, ओळख पटविणे हा केवळ किंमत ठरविण्याचा व्यवहार नव्हे. ज्या स्त्रियांची नावे कलेच्या इतिहासग्रंथांत क्वचितच येतात, त्यांच्या कामाची नोंद पुष्कळदा पात्राच्या तळावरील दोन-तीन अक्षरांतच उरलेली असते. ती अक्षरे चुकीची वाचली गेली, तर एकीच्या कष्टाचे श्रेय दुसरीकडे जाते. म्हणून पात्र हाती येताच संग्राहकाने ते प्रथम उलटे करून पाहावे. पण निष्कर्ष काढण्यापूर्वी पुन्हा सुलटे करून संपूर्ण न्याहाळावे.