संगणकातला प्रोग्राम कुणाच्या मालकीचा?

दुकानात संगणक आणताना आपण मॉनिटर, प्रिंटर, यूपीएस सारे तपासून घेतो, भावात घासाघीसही करतो. आतल्या प्रोग्रामबद्दल मात्र कुणी विचारत नाही. जोडणी करून देणारा म्हणतो, "भाई, सगळे टाकून दिले आहे, वेगळे पैसे नकोत." आपण खूश! ही फुकटची वस्तू कायद्याच्या नजरेत काय ठरते, ते आमच्या व्यापारी व कारागीर वाचकांनी जाणून घ्यावे असे आम्हांला वाटते.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचा प्रोग्राम त्यातील 'साहित्यकृती'त जाऊन बसला. म्हणजे कादंबरी आणि हिशेबाचा प्रोग्राम कायद्याला एकाच जातीचे! फरक एवढाच की चोरून छापलेले पुस्तक वाचणारा सुटतो, चोरटा प्रोग्राम वापरणारा सुटत नाही. १९९४ ची दुरुस्ती १० मे १९९५ पासून लागू झाली. तिच्यातील कलम ६३-ब प्रमाणे, प्रत चोरटी आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणे हाच गुन्हा आहे. शिक्षा किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी नसेल, तर न्यायालय कारण नोंदवून कैद टाळू शकते. दुकान, कारखान्याला ही सवलत नाही. तेव्हा प्रोग्रामचे बिल व परवाना फाईलला लावून ठेवावा. रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची जादा प्रत, मूळ प्रत बिघडली किंवा हरवली तर असावी म्हणून, काढायला कायद्याची हरकत नाही.

खरा घोळ आहे तो पैसे देऊन बनवून घेतलेल्या प्रोग्रामचा. एखाद्या होतकरू मुलाकडून आपण बिलिंगचा प्रोग्राम करवून घेतो, रोख रक्कम मोजतो आणि समजतो की तो आपला झाला. तो मुलगा आपल्याकडे पगारी नोकर असेल आणि ते त्याच्या नोकरीतलेच काम असेल, तर वेगळा करार नसल्यास मालकी आपली. बाहेरचा असेल तर मालकी त्याचीच! जरदोजीची साडी गिऱ्हाईक घेऊन जाते, पण खाका कारागिराकडेच राहतो, तसे हे. तोच प्रोग्राम तो उद्या समोरच्या दुकानदाराला विकू शकतो. आपण मात्र त्याला न विचारता मेहुण्याच्या दुकानात त्याची प्रत टाकू शकत नाही.

यावर उपाय कलम १९ मधला: हक्क आपल्या नावे करून दिल्याचा लेख, त्याच्या सहीचा. तोंडी शब्द चालत नाही. लेखात मुदत लिहायला विसरू नका, कारण मुदत नसेल तर ती ५ वर्षेच धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आखातात माल पाठवणाऱ्यांनी हे विशेष पाहावे. प्रोग्रामचा मूळ कोड, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तोही त्याच वेळी ताब्यात घ्यावा. पुढे तो मुलगा नोकरीसाठी परगावी गेला की दुरुस्ती कोण करणार?

ज्यांना विकतचे परवडत नाही, त्यांच्यासाठी लिनक्स आणि लिबरऑफिस आहेत. त्यांचाही कॉपीराइट आहेच, पण परवान्यातच धंद्यासाठी वापरण्याची आणि प्रती वाटण्याची मुभा दिलेली आहे. लिबरऑफिसमध्ये मराठीत पत्रेही लिहिता येतात.