बोटॉक्स-फिलरआधी चेहरा बधिर करणारं क्रीम घरूनच लावून जावं का?

बोटॉक्स किंवा फिलर घ्यायचं ठरलं की प्रश्न येतोच, 'खूप दुखतं का?' नाहूरहून ऑफिस सुटल्यावर मुलुंड किंवा घाटकोपरचं क्लिनिक गाठायचं असेल, तर त्याला जोडून आणखी एक: 'बधिर करणारं क्रीम घरूनच लावून आले तर चालेल?'

डॉक्टरांनी किती आणि कुठे लावायचं हे सांगितलं नसेल, तर नाही.

या क्रीममध्ये बहुधा लिग्नोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के असतं. ते मुरायला पाऊण ते एक तास लागतो, म्हणून वेळ वाचवायचा मोह होतो. पण हे औषध त्वचेतून रक्तात उतरतं. थर जाड असेल, वर प्लास्टिक गुंडाळलं असेल तर जास्तच. अमेरिकेत दोन तरुणींनी लेझरने केस काढण्याआधी पायांना बधिर करणारं क्रीम लावून वर प्लास्टिक गुंडाळलं होतं. दोघींना झटके आले, त्या कोमात गेल्या आणि दगावल्या. २००७ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत जाहीर इशारा दिला. चेहरा पायांपेक्षा लहान, पण औषध तिथूनही रक्तात उतरतं. चक्कर, कानात आवाज, तोंडात धातूसारखी चव जाणवली तर क्रीम लगेच पुसा आणि डॉक्टरांना सांगा.

बोटॉक्सची सुई खूप बारीक असते, त्यामुळे अनेकदा बर्फ पुरतो. काही डॉक्टर सुईशेजारी छोटं कंपन यंत्र धरतात. लागल्यावर आपण आजूबाजूला चोळतो, त्यातलाच हा प्रकार: स्पर्शाचे संदेश वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये हा सिद्धांत मांडला.

ओठांचं फिलर मात्र खरंच दुखतं. बऱ्याच फिलरमध्ये ०.३ टक्के लिग्नोकेन मिसळलेलंच असतं, त्यामुळे पहिली टोचणी झोंबते, पुढच्या कमी. तरी सहन होत नसेल तर दातांच्या डॉक्टरांसारखं नस बधिर करणारं इंजेक्शन देतात.

पण फिलरनंतर अचानक जोराची कळ आली, त्वचा पांढरीफटक किंवा जाळीदार निळसर दिसली, तर पेनकिलर घेऊन झोपू नका. फिलरने रक्तवाहिनी बंद झालेली असू शकते. दृष्टी धूसर झाली तर थेट हॉस्पिटल गाठा. कधी बधिरपणामुळे कळ जाणवतच नाही, म्हणून आरशात रंगही बघा. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर हायल्युरोनिडेझ या इंजेक्शनने विरघळवता येतं, मात्र ते लवकर द्यावं लागतं. ते क्लिनिकमध्ये ठेवलेलं आहे का आणि डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे पैसे भरण्याआधीच विचारा.