अकरावी-बारावीचं जीवशास्त्र: नावं पाठ, कारणं बाकी

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसांनी अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण मंडळी, इतिहास पाहिला तर हा विषय आमच्याच अंगणातला आहे. अरिस्टॉटलचं जे लेखन आज उपलब्ध आहे, त्यातला मोठा हिस्सा प्राण्यांविषयी आहे. कोंबडीची अंडी दिवसादिवसाच्या अंतराने फोडून आत काय घडत जातं, हे त्याने पाहिलं आणि लिहून ठेवलं. हाच गृहस्थ मेंदूचं काम रक्त थंड ठेवणं हे आहे, असंही म्हणत होता, ते सोडा. मुद्दा असा की सजीव वस्तूविषयी आपल्याला काय कळतं आणि ते कसं कळतं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाला पहिल्यापासून चिकटलेला आहे. आज आपण तो प्रश्न सतरा वर्षांच्या मुलांच्या बाजूने पाहणार आहोत.

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक वाटाघाट सुरू होते. पीसीएम की पीसीबी? गणित झेपत नाही ना, मग बायो घे. बायो म्हणजे पाठांतर, बसून केलं की होतं. आणि एकदा बायो घेतलं की पुढचा सगळा रस्ता ‘नीट’च्या दिशेने. त्या परीक्षेत सध्या १८० प्रश्न असतात, त्यातले ९० जीवशास्त्राचे. म्हणजे ७२० पैकी ३६० गुण एकट्या या विषयाला. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. तीन तासांत १८० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. एका मिनिटात माणूस आठवू शकतो, विचार करायला तेवढा वेळ पुरेलच असं नाही. साहजिकच विषय त्या साच्यात ओतला जातो. ज्युनिअर कॉलेजात नाव असतं, मूल दिवसभर क्लासमध्ये असतं, आणि प्रॅक्टिकलची जर्नल कोणाची तरी पाहून पूर्ण होते.

आम्ही पाठांतराच्या विरोधात नाही, हे आधी सांगून टाकतो. ज्याला हाडांची, ग्रंथींची, वनस्पतींच्या कुळांची नावंच ठाऊक नाहीत, तो विचार कशावर करणार? पण आपल्याकडच्या न्यायदर्शनाने एक बारीक भेद केला आहे, तो इथे फार उपयोगी पडतो. नैयायिक स्मृतीला प्रमा, म्हणजे यथार्थ अनुभवाने मिळालेलं ज्ञान, मानत नाहीत. आठवण खरी असू शकते, पण ती नवं काही देत नाही. पूर्वी जे कळलं होतं तेच परत हातात ठेवते. आता प्रश्न असा की जे मूळात कधी कळलंच नव्हतं, त्याची आठवण म्हणजे काय? बारावीच्या मुलाला ‘ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, सहावं स्थान’ हे झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. त्याच्या मनात त्या वाक्यामागे काय असतं, हे बघायला हवं.

भाषेचा मुद्दा इथेच घेऊ. मराठी माध्यमातलं मूल दहावीपर्यंत ‘तंतुकणिका’, ‘हरितलवक’, ‘अर्धगुणसूत्री विभाजन’ असे शब्द वापरतं. अकरावीला विज्ञान शाखेत गेलं की बहुतेक ठिकाणी सगळं इंग्रजीत. मायटोसिस आणि मायोसिस हे दोन शब्द कानाला जुळ्या भावांसारखे लागतात आणि मुलं त्यांची हमखास अदलाबदल करतात. ‘सूत्री’ आणि ‘अर्धगुणसूत्री’ यांची अदलाबदल करून दाखवा बरं! दुसऱ्या शब्दातच सांगितलंय की गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. मायटोकॉन्ड्रिया या शब्दामागच्या ग्रीक शब्दांचा अर्थही ‘तंतू’ आणि ‘कण’ असाच आहे. म्हणजे तंतुकणिका हा त्याचा चोख अनुवाद. आमचं म्हणणं इंग्रजी टाळा असं नाही. पुस्तकाच्या समासात दहावीचा मराठी शब्द लिहून ठेवायला काही खर्च येत नाही, एवढंच.

आता ‘बायोला गणित लागत नाही’ या समजुतीकडे वळू. रक्ताभिसरणाच्या धड्यात दोन आकडे असतात. हृदयाच्या एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर फेकलं जातं, आणि मिनिटाला सुमारे ७२ ठोके पडतात. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. त्यांचा गुणाकार करा. मिनिटाला पाच लिटर, तासाला तीनशे लिटर. आणि प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असतं किती? तेही सुमारे पाचच लिटर. मग तासाला तीनशे लिटर येतं कुठून आणि जातं कुठे?

हा प्रश्न विल्यम हार्वेने १६२८ साली आपल्या पुस्तकात विचारला. त्याआधी सुमारे चौदाशे वर्षं गेलनचं मत चालत होतं: अन्नापासून यकृतात रक्त सतत तयार होतं आणि शरीरभर जिरून जातं. हार्वेने आकडे मुद्दाम फार कमी धरले, आजच्या आकड्यांच्या मानाने कितीतरी कमी. तरीही अर्ध्या तासात हृदयातून जाणारं रक्त अंगातल्या एकूण रक्तापेक्षा जास्त भरलं. एवढं रक्त रोज खाल्लेल्या अन्नातून बनणं शक्य नाही. म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. पण परत कुठून येतं? धमन्या आणि शिरा यांना जोडणारा रस्ता त्याला दिसला नव्हता. तो १६५७ साली वारला. १६६१ मध्ये माल्पिघीने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या.

धूर दिसला की अग्नी आहे असं म्हणणं, हे तर्कशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असलेलं अनुमानाचं उदाहरण. पण तिथे धूर आणि अग्नी हे एकत्र आपण स्वयंपाकघरात आधी पाहिलेले असतात. हार्वेचं अनुमान त्याहून धीट आहे. जे कोणीच कधी पाहिलं नव्हतं ते असलंच पाहिजे, असं तो एका गुणाकाराच्या जोरावर म्हणाला. आणि हा गुणाकार करायला लागणारं सगळं सामान अकरावीच्या मुलाच्या दप्तरात आहे. ते त्याला करायला लावलं, तर वर्गातली दहा मिनिटं जातील. जाऊ द्यावीत.

पुढचा मुद्दा कारणाचा. भौतिकशास्त्रात ‘का’ विचारलं की साधारण एका जातीचं उत्तर येतं. जीवशास्त्रात दोन जातींची येतात. अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाने १९६१ सालच्या एका लेखात हे फार स्वच्छ मांडलं. एक पक्षी ऑगस्टच्या शेवटी दक्षिणेकडे निघाला. का निघाला? दिवस लहान झाला, शरीरात बदल झाले, थंड हवा आली. हे एक उत्तर. त्याच्या पूर्वजांपैकी जे हिवाळ्यात मागे राहिले त्यांना किडे मिळाले नाहीत आणि ते टिकले नाहीत. हे दुसरं उत्तर. पहिलं यंत्रणेचं, दुसरं इतिहासाचं. दोन्ही खरी आहेत आणि एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही. शाळेत पहिलं उत्तर शिकवतात. दुसरं उत्क्रांतीच्या धड्यात बंद असतं.

याचा तोटा काय, ते एका उदाहरणावरून सांगतो. उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. सिकलसेल हा रक्ताचा आजार गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार अशा जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी समाजांत, बराच आढळतो. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ‘नीट’ देणारी मुलं एनसीईआरटीचं बारावीचं पुस्तक कोळून पितात. त्यात हा आजार आहे. मात्र तुकड्यातुकड्यांनी. आनुवंशिकतेच्या धड्यात: आई-वडील दोघेही वाहक असले तर आजार होऊ शकतो. रेणवीय धड्यात: जनुकातलं एक अक्षर बदलतं आणि हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी वेगळं अमिनो आम्ल येतं. मलेरिया आरोग्याच्या धड्यात. नैसर्गिक निवड उत्क्रांतीच्या धड्यात. प्रश्नपत्रिकेतले प्रश्नही बहुधा एकेका तुकड्यावर. ओवण्याचं काम ज्याचं त्याने करायचं.

ते आपण करू. लाल पेशीतलं हिमोग्लोबिन बदललं की ऑक्सिजन कमी असताना त्याच्या लांब दोऱ्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, प्रचंड वेदना होतात. नेहमीची लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दोन-तीन आठवडेच, म्हणून पंडुरोग. हे सगळं ‘कसं’चं उत्तर झालं. आता विचारा: इतकं घातक जनुक एवढ्या लोकांत टिकलंच का? ज्यांना ते दोन्हीकडून मिळालं ते पूर्वी बहुधा मूल होण्याआधीच दगावत. मग ते नाहीसं व्हायला हवं होतं.

१९५४ साली अँथनी अॅलिसनने पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून याचं उत्तर दिलं. ज्यांना हे जनुक एकाच पालकाकडून मिळतं त्या वाहकांना गंभीर मलेरियापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळतं. जिथे मलेरिया होता तिथे वाहक अधिक जगले, आणि त्यांच्यामार्फत जनुक टिकलं. म्हणजे हे जनुक चांगलं की वाईट? प्रश्नच अपुरा आहे. एक प्रत की दोन, आणि कुठल्या प्रदेशात, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आम्ही वर्गात नीतिशास्त्र शिकवताना ‘गुण’ आणि ‘दोष’ हे शब्द जपून वापरायला सांगत असू. त्याला याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

आणि हा निव्वळ बुद्धीचा खेळ नाही. चाचणीत वाहक निघालेल्या मुलीच्या लग्नाचं काय होतं, तिला ‘रोगी’ म्हटलं जातं की नाही, हे या एका भेदाच्या समजुतीवर ठरतं. दोन वाहकांच्या बाबतीत पंचवीस टक्के हा आकडाही असाच. तो प्रत्येक गरोदरपणाला स्वतंत्रपणे लागू असतो. पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन निर्धोक, असा त्याचा अर्थ नाही. चौकटीचा तक्ता काढून पूर्ण गुण मिळवणारं मूल उद्या डॉक्टर होऊन त्या जोडप्यासमोर बसणार आहे. तेव्हा त्याला तक्ता नको, त्याचा अर्थ सांगता यायला हवा.

म्हणून उत्क्रांतीचा धडा कुठे ठेवला आहे, याला आम्ही महत्त्व देतो. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून तो भाग वगळला गेला, तेव्हा २०२३ च्या एप्रिलमध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी खुलं पत्र लिहिलं. त्यावर उत्तर असं आलं की बारावीत तो सविस्तर आहेच. आहे, खरं आहे. पण बारावीत जीवशास्त्र घेतं कोण? वाणिज्य, कला, पीसीएम ही सगळी मुलं त्याआधीच वेगळ्या वाटेला लागलेली असतात. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. ते बरं आहे. तो पहिल्या आठवड्यात उरकून मागे टाकला जात नसेल, अशी आशा करू.

शिक्षक म्हणतील, हे सगळं ठीक, पण पोर्शन कधी पूर्ण करायचा? अडचण खोटी नाही. आम्ही एवढंच सुचवू की प्रत्येक धड्याला एक ‘का’ निवडावा, फक्त एक, आणि तो मुलांवर सोडावा. सिकलसेलसाठी असा एक प्रश्न ठेवतो. कल्पना करा, एखाद्या भागातून मलेरिया पूर्ण गेला. वाहकांचा फायदा संपला. आता हे जनुक किती वेगाने जाईल?

याचं साधन उत्क्रांतीच्याच धड्यात आहे. १९०८ सालचं हार्डी-वाइनबर्ग सूत्र. त्यातला हार्डी हा गणितज्ञ, बायो घेऊन गणितापासून सुटलो म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. शंभर माणसं घ्या, प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती, एकूण दोनशे. त्यांतल्या वीस सिकलच्या, म्हणजे दहा टक्के. लग्नं या जनुकाचा विचार न करता होत असतील, तर शंभरांत एक माणूस आजारी, अठरा वाहक, एक्क्याऐंशी मोकळे. वीसपैकी दोन प्रती आजारी माणसाकडे, अठरा निरोगी वाहकांकडे. निवडीचा हात त्या दोनांपर्यंतच पोचतो. आता प्रमाण घटून एक टक्का झालं असं धरा आणि दहा हजार माणसं घ्या: आजारी एक, वाहक १९८. सिकलच्या प्रती दोनशे, त्यांतल्या १९८ अशा लोकांकडे की ज्यांना चाचणी केल्याशिवाय कधी कळणारही नाही.